सांगली, मिरज, सातारा: तीन पिनकोड आणि मोठी संख्या हाताने उलगडण्याची रीत

घरच्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. सांगलीतल्या पाकिटांवर ४१६४१६, मिरजेच्या सोयऱ्यांना ४१६४१०, साताऱ्याच्या पाहुण्यांना ४१५००१. शंभरेक पाकिटं झाल्यावर हात आपोआप चालायला लागला आणि डोकं त्या आकड्यांत अडकलं. तीनही संख्या सहा अंकी, चार लाखांच्या घरातल्या, एकमेकींपासून दीड हजाराच्या आतल्या. वरून पाहिलं तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. आतून मात्र तिघींचा स्वभाव इतका वेगळा निघाला, की तेव्हापासून आठवी ते दहावीच्या मुलांना 'अवयव पाडणे' शिकवताना मी दुसरं उदाहरण घेत नाही.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. ते संस्कृतचेही मोठे जाणकार. पहिला अंक विभागाचा: ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपाल छाटणीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक पत्र नेमक्या कुठल्या कार्यालयातून वाटलं जाणार ते सांगतात. म्हणजे हे आकडे देताना कुणी मूळ अवयवांचा विचार केला नव्हता. खाली जे सापडेल त्यात शुभ-अशुभ असं काहीही नाही. ते निव्वळ अंकगणित आहे आणि कुणालाही वहीत पडताळून पाहता येतं.

चौकडीची वही, पेन्सिल आणि २०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी जवळ ठेवा. यादीत एकूण ४६ संख्या यायला हव्यात: पहिली २, शेवटची १९९. यादी स्वतः करा, आणि करताना ५१, ८७, ९१, ११९, १३३, १४३ यांच्यावर लक्ष ठेवा. या सगळ्या मूळ वाटतात, पण नाहीत. ९१ म्हणजे ७ × १३, ११९ म्हणजे ७ × १७. मुलांच्या वहीत सर्वांत जास्त वेळा चुकून शिरलेली संख्या ९१ आहे. मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर शेवटी पडताळ्यासाठी वापरा, आधी नको.

आधी वर्गमूळ

संख्या समोर आली की मुलं लगेच भागायला बसतात. थांबा. आधी तिचं वर्गमूळ साधारण किती ते काढा, कारण काम किती आहे ते त्यावरून कळतं. एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्यांतली लहान संख्या वर्गमुळापेक्षा मोठी असूच शकत नाही. दोन्ही मोठ्या असत्या तर गुणाकार त्या संख्येच्याच पुढे गेला असता. म्हणून शोध वर्गमुळापर्यंतच करायचा. पण तिथपर्यंत पूर्ण करायचा. या दुसऱ्या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे.

शेवटी ५ असलेल्या संख्येचा वर्ग तोंडी येतो. ६४५ घ्या. ५ सोडून उरलेले ६४ आणि त्याच्या पुढचे ६५ यांचा गुणाकार ४१६०, आणि त्याला पुढे २५ जोडले की ४,१६,०२५. आपल्या तीनही संख्या या वर्गाच्या आसपास आहेत. सांगलीची ४,१६,४१६ आणि मिरजेची ४,१६,४१० या दोन्ही ६४५ च्या वर्गापेक्षा किंचित मोठ्या, साताऱ्याची ४,१५,००१ किंचित लहान. ६४४ चा वर्ग ४,१४,७३६, म्हणून साताऱ्याचं वर्गमूळ ६४४ आणि ६४५ यांच्या मध्ये. हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

कसोट्या

२, ३ आणि ५ च्या कसोट्या सर्वांना येतात, त्यावर वेळ घालवत नाही. अंकांची बेरीज सांगलीची २२, मिरजेची १६, साताऱ्याची ११. तिन्हींना ३ ने भाग जात नाही. सांगली आणि मिरज सम आहेत, मिरजेच्या शेवटी शून्य आहे, सातारा विषम आहे.

खरी मजा ७, ११ आणि १३ ची आहे. या तिघांची कसोटी एकाच फटक्यात होते आणि ती शाळेत फार कमी ठिकाणी शिकवली जाते. ७ × ११ × १३ = १००१. आता संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि एका गटातून दुसरा वजा करा. उरलेल्या छोट्या संख्येला ७, ११ किंवा १३ पैकी ज्याने भाग जाईल, त्याने आपल्या आख्ख्या संख्येलाही जातो. का, ते मिरजेच्या संख्येवर पाहा:

४१६४१० = ४१६ × १००० + ४१०
= ४१६ × १००१ − ४१६ + ४१०
= ४१६ × १००१ − ६

पहिल्या तुकड्याला ७, ११, १३ या तिघांनीही भाग जातो. राहिले ६, आणि ६ ला तिघांपैकी एकानेही जात नाही. म्हणजे मिरजेच्या संख्येत ७, ११, १३ नाहीत. एका वजाबाकीत तीन भागाकार वाचले.

साताऱ्याचं ४१५ − ००१ = ४१४. त्याला ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने ७, १३ ने ११. इथेही तिघं बाद.

सांगलीचं ४१६ − ४१६ = ०. शून्याला सगळ्यांनी भाग जातो! सांगलीकरांच्या रोजच्या पत्त्यात ७, ११ आणि १३ तिन्ही एकदम बसलेले आहेत, आणि ते फक्त ४१६ हा गट दोनदा आल्यामुळे. तीन अंक दोनदा लिहून तयार झालेली कुठलीही संख्या घ्या, १२३१२३ किंवा ७०५७०५, ती १००१ ची पट असतेच.

गटांची वजाबाकी न करता बेरीज केली तर ९९९ ची कसोटी मिळते, आणि ९९९ = २७ × ३७ असल्यामुळे ३७ ची परीक्षा सोपी होते. सांगली ८३२, मिरज ८२६, सातारा ४१६. ३७ ने भागल्यास बाकी अनुक्रमे १८, १२ आणि ९. तिघांमधूनही ३७ बाद.

सांगली: सगळं सुटं होतं

४१६४१६ = ४१६ × १००१ हे कळल्यावर फार काही उरत नाही. ४१६ ला २ ने भागत जा: २०८, १०४, ५२, २६, १३. पाच वेळा २ निघाला आणि शेवटी १३ उरला. म्हणून

४१६४१६ = २ × २ × २ × २ × २ × ७ × ११ × १३ × १३

इथे एक चूक हमखास होते. १००१ मधला १३ लिहिला जातो आणि ४१६ मधून आलेला दुसरा १३ राहून जातो. दोन ठिकाणांहून आलेले अवयव एकत्र मांडताना आधी दोन्ही याद्या शेजारी-शेजारी लिहा, मग एकत्र करा.

इतक्या मोठ्या संख्येत सर्वांत मोठा मूळ अवयव फक्त १३ असणं ही साधी गोष्ट नाही. खणत गेलं तरी कुठेच दगड लागू नये, नुसती भुसभुशीत काळी माती लागावी, तसं हे.

मिरज: दगड लागतो

सांगलीहून मिरज दहा किलोमीटरच्या आसपास, आणि संख्येत अंतर फक्त ६ चं. शेवटचं शून्य म्हणजे २ × ५, ते काढलं की उरतं ४१६४१.

त्याचं वर्गमूळ काढा. २०४ चा वर्ग ४१६१६, बाकी २५. २०५ चा वर्ग ४२०२५, तो पुढे जातो. म्हणजे २०४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी, आपल्या यादीतल्या सगळ्या ४६ संख्यांनी, भागून पाहायचं. २, ३, ५, ७, ११, १३ आणि ३७ आधीच बाद झाले आहेत. राहिले ३९. (ती बाकी २५ विसरू नका, ती पुढे कामाला येणार आहे.)

३९ लांबलचक भागाकार करायची गरज नाही. भाग जातो की नाही एवढंच हवं आहे, भागाकार किती येतो ते नको. त्यासाठी शेवटचा अंक शून्य करत जायचं. २९ घ्या. ४१६४१ मध्ये २९ मिळवले की ४१६७०. शून्य पुसा, राहिलं ४१६७. त्यातून २९ × ३ = ८७ वजा केले की ४०८०; शून्य पुसा, ४०८. आणि २९ × १४ = ४०६, म्हणजे २ उरले. भाग जात नाही. शून्य पुसणं म्हणजे १० ने भागणं, आणि २९ चा १० शी काही संबंध नसल्यामुळे उत्तर बिघडत नाही. ३१ साठी: ४१६४१ − ३१ = ४१६१०, मग ४१६१ − ३१ = ४१३०, मग ४१३; ३१ × १३ = ४०३, दहा उरले, बाद. सवय झाली की एका मूळ संख्येला अर्धा मिनिट पुरतं. मात्र या रीतीत शेवटी उरलेला आकडा ही खरी बाकी नसते; तो फक्त हो किंवा नाही सांगतो. बाकी हवी असेल तर सरळ भागाकार करावा लागतो.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी सरळ भागाकारानेच गेलो होतो आणि प्रत्येक बाकी वहीत लिहिली होती. १०९ ला आलो तेव्हा बाकी फक्त ३. थोडक्यात हुकलं म्हणून पुढे गेलो, तर १९१ लाही बाकी ३ च. मान वर करून विचार केला तेव्हा लक्षात आलं, ४१६३८ म्हणजे नेमका २ × १०९ × १९१. अशा जवळच्या चुकामुकीमुळे माणूस नाद सोडत नाही. शेवटी १९९: १९९ × २०९ = ४१५९१, बाकी ५०. पुढची मूळ संख्या २११, ती वर्गमुळाच्या पलीकडची. यादी संपली.

म्हणजे ४१६४१ ही मूळ संख्या आहे, आणि

४१६४१० = २ × ५ × ४१६४१

शेजारच्या गावाच्या संख्येत १३ च्या पुढे काही नव्हतं, आणि इथे एक्केचाळीस हजारांचा अखंड दगड.

सातारा: जिथे मी चुकलो

साताऱ्याच्या संख्येला शेवटी ०, ५ किंवा सम अंक नाही, ३ नाही, ७-११-१३ नाही, ३७ नाही. वर्गमूळ ६४४ च्या पुढे. ६४४ पर्यंतच्या मूळ संख्या ११७ आहेत. मी दोन संध्याकाळी बसून ४०१ पर्यंत गेलो, म्हणजे ७९ मूळ संख्या झाल्या. एकानेही भाग गेला नाही. मनाने ठरवून टाकलं की ही मूळच असणार, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं: ४१५००१, मूळ संख्या.

आठवीतली एक मुलगी शेवटून दुसऱ्या बाकावर बसते, फार बोलत नाही. तिने वहीतून मान वर केली आणि विचारलं, "सर, तुम्ही ६४४ पर्यंत गेला होता का?"

"नाही गं, चारशे एकपर्यंत गेलो होतो."

"मग कसं म्हणायचं, सर?"

उत्तर नव्हतं. मी फळा पुसला. माझाच नियम मी मोडला होता. वर्गमुळापर्यंत म्हणजे वर्गमुळापर्यंत. ७९ वेळा 'नाही' आलं म्हणून ऐंशीव्या वेळीही नाहीच येईल असं गणितात कुठेही लिहिलेलं नाही. अजून ३३ भागाकार केले असते तर तेहेतिसाव्याला उत्तर हातात आलं असतं.

पण मूळ संख्यांच्या मागे लागायचीच गरज नव्हती. सतराव्या शतकातल्या पिअर द फर्मा या फ्रेंच गणितीची एक रीत आहे, आणि ती आठवीतल्या सूत्रावर उभी आहे: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्यांच्या बेरजेचा आणि वजाबाकीचा गुणाकार. विषम संख्या दोन अवयवांत फुटत असेल तर ते दोन्ही अवयव विषमच असणार, आणि दोन विषम संख्यांच्या बरोबर मधोमध एक पूर्ण संख्या असते. दोन्ही अवयव त्या मधल्या संख्येपासून सारख्याच अंतरावर. म्हणून आपली संख्या म्हणजे मधल्या संख्येचा वर्ग वजा त्या अंतराचा वर्ग.

मग उलट दिशेने जा. वर्गमुळाच्या लगेच पुढची पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करा, आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का बघा. नसेल तर पुढची संख्या घ्या.

साताऱ्यासाठी पहिलीच संख्या ६४५.

६४५ चा वर्ग ४,१६,०२५
वजा ४,१५,००१
उरले १०२४

१०२४ म्हणजे ३२ चा वर्ग. पहिल्याच पावलाला! म्हणून

४१५००१ = (६४५ − ३२) × (६४५ + ३२) = ६१३ × ६७७

दोन संध्याकाळी आणि ७९ भागाकारांनी जे दिलं नाही ते एका वजाबाकीने दिलं. वर्गात हे फळ्यावर लिहिलं तेव्हा ती मुलगी उठून उभी राहिली आणि तिने पुन्हा विचारलं, "सर, आता ६१३ आणि ६७७ मूळ आहेत का ते बघायचं ना?" बघायचंच. ६१३ चं वर्गमूळ २४ च्या पुढे, ६७७ चं २६ च्या किंचित पुढे, म्हणून दोघांनाही २३ पर्यंतच्या नऊ मूळ संख्या पुरतात. दोन्ही मूळ निघतात.

पडताळा नऊ सोडून करा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जा. ६१३ च्या अंकांची बेरीज १०, म्हणजे १. ६७७ ची २०, म्हणजे २. गुणाकार २. ४१५००१ ची ११, म्हणजे २. जुळलं. ही परीक्षा अंकांची अदलाबदल पकडत नाही, म्हणून ११ चीही करून घ्या. उजवीकडून एकाआड एक अंक वजा-अधिक केले की ६१३ चे ८, ६७७ चे ६. ४८ ला ११ ने भागल्यास बाकी ४. ४१५००१ चे उणे ७ येतात, त्यात ११ मिळवले की ४. दोन्हीकडे तेच. एवढं झाल्यावर पूर्ण गुणाकार करून टाका म्हणजे शंका राहत नाही.

मग फर्माचीच रीत नेहमी का वापरू नये? कारण ती दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच झटपट चालते. मिरजेच्या ४१६४१ वर तिला बसवा. २०५ पासून सुरू करून पूर्ण वर्ग मिळेपर्यंत २०८२१ पर्यंत जावं लागेल, म्हणजे वीस हजार सहाशे सतरा पावलं, आणि शेवटी मिळणार १ × ४१६४१. यादीने भागलं तर तेच काम ४६ पावलांत संपतं. माझी शिफारस अशी: कसोट्या संपल्या की फर्माची दहा-पंधरा पावलं टाकून पाहा. नाही जमलं तर मुकाट्याने यादी घेऊन बसा आणि वर्गमूळ येईपर्यंत उठू नका.

फर्माची रीत वापरताना एक सोय: पूर्ण वर्गाच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही. वजाबाकीच्या शेवटी यांपैकी काही आलं तर वर्गमूळ काढायचे कष्ट न घेता पुढे जा.

अवयव मिळाल्यावर काय काय कळतं

विभाजक किती, हे न मोजता सांगता येतं. सांगलीच्या संख्येचा कुठलाही विभाजक तयार करताना २ किती वेळा घ्यायचा याचे सहा पर्याय आहेत, शून्य ते पाच. ७ चे दोन, घ्यायचा किंवा नाही. ११ चे दोन. १३ चे तीन. गुणाकार ६ × २ × २ × ३ = ७२. हळदीच्या ४,१६,४१६ पुड्या असत्या तर त्या सारख्या ढिगांत ७२ प्रकारे मांडता आल्या असत्या. मिरजेच्या संख्येचे विभाजक ८ आणि साताऱ्याचे फक्त ४: १, ६१३, ६७७ आणि ती स्वतः.

विभाजकांची बेरीजही अशीच. सांगलीसाठी २ चा हिस्सा १ + २ + ४ + ८ + १६ + ३२ = ६३, ७ चा ८, ११ चा १२, १३ चा १ + १३ + १६९ = १८३. चौघांचा गुणाकार ११,०६,७८४. त्यातून संख्या स्वतः वजा केली की ६,९०,३६८ उरतात. म्हणजे सांगलीच्या संख्येच्या लहान विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षाही कितीतरी मोठी. मिरजेची तीच बेरीज ३,३३,१४६, संख्येपेक्षा कमी. साताऱ्याची १ + ६१३ + ६७७ = १२९१, जवळजवळ काहीच नाही.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला 'हर्षद' हे नाव दिलं. सांगलीच्या अंकांची बेरीज २२ आणि २२ × १८९२८ = ४१६४१६. हर्षद आहे. मिरजेची बेरीज १६, पण त्या संख्येत २ एकदाच आहे, म्हणून नाही. साताऱ्याची ११, आणि तिथे ६१३ व ६७७ शिवाय दुसरं कुणी नाही, म्हणून नाही. भागाकार न करताही अवयवांवरून उत्तर मिळालं.

मसावि हवा असेल तर वजाबाकी करा. सांगली वजा मिरज ६; सामाईक विभाजक ६ चाच विभाजक असणार; ३ दोघांतही नाही; म्हणून मसावि २.

दोन वर्गांची बेरीज

यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते तीनही संख्यांमधली सर्वांत देखणी गोष्ट इथे आहे.

एखादी संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, हे तिच्या अवयवांवरून कळतं. ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते असे मूळ अवयव (३, ७, ११, १९, २३...) शोधा. त्यांतला प्रत्येक सम वेळा आलेला असेल तरच लिहिता येते. सांगलीत ७ एकदाच आणि ११ ही एकदाच. म्हणून ७२ विभाजक असूनही ४१६४१६ ही दोन वर्गांची बेरीज कधीच होणार नाही, कितीही शोधा.

साताऱ्याचे ६१३ आणि ६७७ दोघेही ४ ने भागल्यावर १ उरणारे. ६७७ तर दिसतोच: २६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. ६१३ साठी मोठ्या वर्गांपासून खाली या. २४ चा वर्ग ५७६ वजा केला की ३७ उरतात, तो वर्ग नाही. असं करत १८ ला आलं की ६१३ − ३२४ = २८९, म्हणजे १७ चा वर्ग.

आता ब्रह्मगुप्ताकडे या. सातव्या शतकातल्या या गणितीने दाखवलं की दोन वर्गांच्या बेरजा असलेल्या दोन संख्यांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, आणि ती दोन रीतींनी मांडता येते. २६, १ आणि १८, १७ घेऊन:

२६ × १८ = ४६८ आणि १ × १७ = १७
२६ × १७ = ४४२ आणि १ × १८ = १८

पहिल्या ओळीत बेरीज, दुसरीत वजाबाकी: ४८५ आणि ४२४.
पहिल्या ओळीत वजाबाकी, दुसरीत बेरीज: ४५१ आणि ४६०.

४८५ चा वर्ग २,३५,२२५ आणि ४२४ चा वर्ग १,७९,७७६, बेरीज ४,१५,००१.
४५१ चा वर्ग २,०३,४०१ आणि ४६० चा वर्ग २,११,६००. बेरीज पुन्हा ४,१५,००१.

आणि मिरजेची ती जपून ठेवलेली बाकी आठवते का? ४१६४१ मधून २०४ चा वर्ग गेल्यावर २५ उरले होते. २५ म्हणजे ५ चा वर्ग. म्हणजे वर्गमूळ काढतानाच ४१६४१ दोन वर्गांत फुटलेला आपल्यासमोर होता. १० म्हणजे ३ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. ब्रह्मगुप्ताच्या त्याच रीतीने मिरजेच्या दोन जोड्या निघतात: ६१७ आणि १८९, तसंच ६०७ आणि २१९. वर्ग करून बेरीज स्वतः करा. दोन्ही वेळा ४,१६,४१० आलं नाही तर कुठेतरी हातचा राहिला आहे.

याचा व्यवहारात उपयोग

इंटरनेटवरचे गोपनीय व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी वापरतात त्या पद्धतींपैकी एक, रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली मांडलेली, साताऱ्याच्या पिनकोडसारख्याच संख्येवर उभी आहे. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या आणि त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा. तो फोडणं इतकं अवघड, की तेच कुलूप. आज त्यासाठी सहाशेहून जास्त अंकी संख्या वापरतात. त्या पद्धतीच्या नावाने आव्हान म्हणून ठेवलेली एक २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, आणि त्यासाठी असंख्य संगणक एकत्र राबवावे लागले. पण दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ निवडल्या तर कितीही अंक असोत, फर्माची रीत ते कुलूप उघडते. साताऱ्याचं उघडलं तसंच. म्हणून निवडतानाच त्या एकमेकींपासून पुरेशा दूर आहेत ना, हे तपासून घेतात.

संख्या मूळ आहे की नाही एवढंच ठरवणं मात्र फोडण्यापेक्षा खूप सोपं आहे. त्यासाठी अचूक आणि झटपट रीत ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढतो आणि तो चढू द्यावा असं मला वाटतं.

आता कराड तुमच्यासाठी ठेवतो: ४१५११०. शेवटचं शून्य काढा, अंकांची बेरीज बघून ३ काढा. उरतं १३८३७. गटांची वजाबाकी ८३७ − १३ = ८२४, त्याला ७, ११, १३ पैकी कुणीच भागत नाही. वर्गमूळ ११७ आणि ११८ च्या मध्ये. ११८ चा वर्ग १३९२४, वजा करून उरले ८७, शेवटी ७ आहे म्हणून पूर्ण वर्ग नाही. आता ११९ घ्या.